ऑक्सफर्ड, मिसिसिपी: फॉकनरचा बाक, नीलसन्सचं दुकान आणि त्यांच्यामधला चौक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेम्फिस, नॅशव्हिल, अटलांटा या पट्ट्यात राहणारी मराठी मंडळी लाँग वीकेंडला कुठे जायचं ते ठरवायला बसली की कुणीतरी ऑक्सफर्डचं नाव काढतं. इंग्रजी घेऊन एम. ए. केलेलं कुणी घरात असेल तर हमखासच, कारण कादंबरीकार विल्यम फॉकनर या गावात राहिला. मग ठरावीक प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हे नेमकं कुठलं ऑक्सफर्ड?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं, उत्तर भागातलं. मेम्फिसहून गाडीने साधारण दीड तास. लाफायेट काउंटीचं हे मुख्य ठिकाण. स्थानिक माणसं त्या नावाचा उच्चार 'लफेट' असा करतात, मधल्या 'फे'वर जोर देऊन. तसा केलात तर पत्ता विचारताना सोपं जाईल.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशी काही संबंध?

नाव मुद्दाम उचललेलं आहे. १८३७ साली गाव वसलं तेव्हा राज्याचं विद्यापीठ आपल्याकडे यावं अशी संस्थापकांची इच्छा होती, आणि नावाने तिला हातभार लागेल असं त्यांना वाटलं. तसंच झालं. १८४४ मध्ये विद्यापीठाची सनद निघाली आणि १८४८ मध्ये वर्ग सुरू झाले. तेच आजचं मिसिसिपी विद्यापीठ, बोलीत 'ओल मिस'.

पण गोष्ट त्याआधी सुरू होते. ही जमीन चिकासॉ या मूळनिवासी अमेरिकन लोकांची होती. १८३२ च्या पाँटोटॉक करारानंतर त्यांना इथून पश्चिमेकडे निघून जावं लागलं. ज्या जमिनीवर गाव उभं आहे ती होका नावाच्या एका चिकासॉ बाईकडून विकत घेतलेली आहे. फॉकनर वाचताना हे नाव लक्षात ठेवा. जमीन कुणाची होती, ती कशी घेतली आणि त्या घेण्याचं ओझं किती पिढ्यांनी वाहिलं, हा त्याच्या लेखनातला सगळ्यात खोल पाझर आहे.

फॉकनर इथलाच का?

जन्म जवळच्याच न्यू ऑल्बनी गावातला, २५ सप्टेंबर १८९७ चा. १९०२ मध्ये कुटुंब ऑक्सफर्डला आलं, तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. त्यानंतर हॉलिवूड झालं, युरोप झालं, शेवटच्या वर्षांत व्हर्जिनिया झालं, पण घर ऑक्सफर्डलाच राहिलं. ६ जुलै १९६२ रोजी तो गेला.

या गावाचंच त्याने 'जेफरसन' केलं आणि काउंटीचं 'योक्नापटॉफा'. हा शब्द चिकासॉ भाषेतला. गावाच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या योकोना नदीचं ते जुनं नाव. चौक, कोर्टहाउस, तुरुंग, दुकानं, सगळं त्याने उचललं आणि आपल्या सोयीने थोडं इकडेतिकडे सरकवलं. म्हणून वाचक या चौकात पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला आपण इथे पूर्वी येऊन गेलो आहोत असं वाटतं. माझंही तसंच झालं होतं.

पुतळा कुठे आहे आणि कसा आहे?

चौकाला लागून असलेल्या सिटी हॉलच्या दारात. इमारत १८८५ ची. मुळात ती केंद्र सरकारची होती, नंतर नगरपालिकेकडे आली.

आपल्याला स्मारक म्हटलं की उंच चौथरा, दगडी पायऱ्या आणि खाली कोरलेली अक्षरं डोळ्यांपुढे येतात. इथे तसं काही नाही. फॉकनर बाकावर बसलेला आहे. पायावर पाय, हातात पाइप, डोक्यावर हॅट. ब्राँझचा आहे आणि माणसाच्या उंचीला जवळचा. बाकावर शेजारी जागा रिकामी आहे. लोक तिथे बसतात, फोटो काढतात, मुलं त्याच्या हॅटला हात लावतात. बसण्यात काही गैर नाही. बाक त्यासाठीच आहे.

तो कुणी केला? कधी बसवला?

शिल्पकार विल्यम बेकविथ. ऑक्सफर्डजवळच्या टेलर या लहानशा गावात त्यांचा स्टुडिओ. फॉकनरच्या जन्मशताब्दीला, २५ सप्टेंबर १९९७ रोजी पुतळ्याचं अनावरण झालं. म्हणजे लेखक जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेल्यावर.

सगळ्यांना तो हवा होता असंही नाही. आयुष्यभर आपल्या खासगीपणाला जपणाऱ्या माणसाला भर चौकात बसवणं फॉकनरच्या नातलगांपैकी काहींना पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. तरी पुतळा झाला हे चांगलंच झालं, कारण शिल्पकाराने त्याला मोठा करण्याचा मोह टाळला. हा माणूस आल्यागेल्याकडे बघत बसला आहे, एवढंच त्यात आहे. आणि आयुष्यभर त्याने या चौकात तेच केलं.

गावाचं त्याच्याशी पटत होतं का?

बराच काळ नाही. तरुणपणी तो ऐटीत हिंडायचा आणि हाताला धड काम नसायचं, म्हणून लोकांनी त्याला 'काउंट नो-काउंट' म्हणायला सुरुवात केली. बिनकामाचा उमराव, असा काहीसा अर्थ. विद्यापीठाच्या पोस्टात त्याने १९२१ ते १९२४ अशी पोस्टमास्तरकी केली. पत्रं वाटण्यापेक्षा वाचण्या-लिहिण्यात त्याचा जास्त वेळ जाई. शेवटी तक्रारी झाल्या आणि नोकरी सुटली. १९२९ मध्ये विद्यापीठाच्या पॉवरहाउसमध्ये रात्रपाळी करताना त्याने 'अ‍ॅज आय ले डाइंग' ही कादंबरी लिहून काढली.

पैशांची ओढाताण तर कायमची. १९३० मध्ये त्याने एक मोडकळीला आलेलं जुनं घर ६,००० डॉलरला हप्त्यांवर घेतलं, महिना ७५ डॉलर. वीज नाही, नळ नाही. आज ज्या पुस्तकांवर जगभर प्रबंध लिहिले जातात, त्यांतून घरखर्च भागत नव्हता. १९३२ पासून त्याने हॉलिवूडच्या वाऱ्या सुरू केल्या. सुरुवातीला आठवड्याला ५०० डॉलर मिळत. १९४० च्या दशकाच्या मध्यावर त्याची जवळजवळ सगळी पुस्तकं बाजारातून नाहीशी झाली होती. १९४६ मध्ये समीक्षक माल्कम काउली यांनी त्याच्या लेखनाची निवड संपादित केली तेव्हा अमेरिकेने त्याच्याकडे पुन्हा मान वळवली.

गावाच्या नजरेत खरा फरक पडला तो १९४९ मध्ये. 'इन्ट्रूडर इन द डस्ट' या कादंबरीचे हक्क एमजीएम स्टुडिओने ५०,००० डॉलरला घेतले होते, आणि त्या वर्षी चित्रीकरण इथेच केलं. गावातल्या शेकडो लोकांनी कॅमेऱ्यासमोर गर्दी केली. त्या ऑक्टोबरात चौकाजवळच्या लिरिक थिएटरात पहिला खेळ झाला. पुढच्याच वर्षी, १९५० च्या डिसेंबरमध्ये, १९४९ चं नोबेल घ्यायला तो स्टॉकहोमला गेला.

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं नाही. १९५० च्या दशकात त्याने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध मेम्फिसच्या दैनिकात पत्रं लिहिली, आणि गावातलेच नव्हे तर घरातलेही लोक त्याच्यावर बिघडले. पुढे त्यानेच 'घाई करू नका' असंही म्हटलं, तेव्हा दुसऱ्या बाजूचेही दुखावले. त्याच्या या भूमिकेचं सरसकट समर्थन मी करणार नाही. पण त्या काळच्या मिसिसिपीत, त्याच गावात राहून, स्वतःच्या नावाने ती पहिली पत्रं लिहायला काय लागत असेल याची कल्पना करून पाहा.

आणि मग ७ जुलै १९६२, अंत्यविधीचा दिवस. चौकातल्या दुकानांच्या दारांवर छापील चिठ्ठ्या लागल्या: विल्यम फॉकनर यांच्या स्मरणार्थ आज दुपारी २ ते २.१५ दुकान बंद. पंधरा मिनिटं. काहींना हे फार थोडं वाटतं. शनिवारचा दिवस, बाजाराचा. खेड्यापाड्यांतून माणसं चौकात खरेदीला आलेली, आणि दुकानांनी कुलपं लावली. मला ती पंधरा मिनिटं थोडी वाटत नाहीत.

नीलसन्स म्हणजे काय? साधं कपड्यांचं दुकान बघायला कशाला जायचं?

चौकाच्या आग्नेय कोपऱ्यावरचं हे दुकान १८३९ पासून आहे. म्हणजे गावाहून दोनच वर्षांनी लहान. विल्यम स्मिथ नीलसन नावाच्या व्यापाऱ्याने ते सुरू केलं. वस्ती विरळ होती, तेव्हा लागेल ती वस्तू मिळण्याचं ते ठिकाण. कागदोपत्री नोंद असलेलं अमेरिकेच्या दक्षिणेतलं सगळ्यात जुनं दुकान अशी त्याची ओळख आहे, आणि दुकान ती अभिमानाने सांगतं.

मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध आलं. २२ ऑगस्ट १८६४ रोजी जनरल ए. जे. स्मिथ यांच्या हुकमाखालच्या उत्तरेच्या सैन्याने हा चौक जाळला. कोर्टहाउस गेलं, भोवतालची दुकानं गेली. कोर्टहाउस पुन्हा उभं राहायला १८७२ उजाडलं. नीलसन्सही पुन्हा उभं राहिलं आणि आजच्या इमारतीत आलं ते १८९७ मध्ये. ज्या वर्षी फॉकनर जन्मला त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग, पण चौकात उभं राहून एका नजरेत पुतळा आणि दुकान पाहिलं की तो मनातून जात नाही.

दुकानात आज काय मिळतं?

कपडे, बूट, सौंदर्यप्रसाधनं, भेटवस्तू. चांगल्या प्रतीचा माल आणि त्याला साजेशा किमती. संग्रहालय समजून आत जाऊ नका, ते चालतं दुकान आहे. काहीतरी घ्या, निदान मोजे तरी.

फॉकनरच्या उधारीचं पत्र खरंच आहे का?

आहे, आणि नीलसन्सला जायचं खरं कारण तेच आहे.

त्या काळी अशा गावांत खात्यावर माल नेण्याची पद्धत होती. आपल्याकडे वाण्याच्या वहीत महिन्याचं वाणसामान मांडलं जाई, तसंच. कापूस विकला की हिशेब चुकता करायचा. फॉकनरकडे कापूस नव्हता, कथा होत्या, आणि कथांचे पैसे मासिकाच्या मर्जीने येत. खातं थकलं आणि दुकानाने आठवण केली. त्यावर त्याने उत्तर लिहिलं. सोबत दहा डॉलरचा चेक. सांगणं असं की जमेल तसे आणखी पाठवीन. हे चालत नसेल तर खुशाल दावा लावा. मग कदाचित सही केलेलं एखादं पुस्तक तुमच्या पदरात पडेल, आणि पुढच्या तारखेच्या चेकवर केलेल्या सहीपेक्षा ते जास्त मोलाचं ठरेल.

लोक हा किस्सा लेखकाच्या गुर्मीचा म्हणून सांगतात. मला त्यात गुर्मीपेक्षा संकोच जास्त दिसतो. लहान गावात देणं थकलेल्या माणसाला रोज त्याच दुकानावरून जावं लागतं. दुकानदार ओळखीचा, त्याच्या बापाने आपल्या बापाला माल दिलेला. अशा वेळी ताठ मान ठेवण्यासाठी माणूस जे लिहील ते या पत्रात आहे. आपल्या सहीला एक दिवस किंमत येईल हे त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं आणि ते शब्दशः खरं झालं. दुकानाचंही कौतुक वाटतं. त्यांनी ते पत्र फेकलं नाही.

पुतळ्यातला फॉकनर निवांत आहे. पत्रातला फॉकनर महिनाअखेरीला हिशेब जुळवणारा आहे. दोघांची गाठ एकाच फेरीत पडते, म्हणून हा चौक मला जगातल्या कुठल्याही साहित्यिक स्मारकापेक्षा जवळचा वाटतो.

कोर्टहाउससमोरचा दगडी सैनिक कोण?

तो दक्षिणेच्या बाजूने यादवी युद्धात लढलेल्यांच्या स्मरणार्थ १९०७ मध्ये बसवला. फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' वाचली असेल त्यांना तो लगेच ओळखू येईल. कादंबरीच्या शेवटी लस्टर हा नोकर मुलगा घोडागाडी पुतळ्याच्या डावीकडून घालतो. गाडीतल्या बेंजीला, वयाने वाढला तरी मनाने लहान मूलच राहिलेल्या माणसाला, रोजची, उजवीकडून जाणारी वाट माहीत. तो हंबरडा फोडतो. त्याचा भाऊ जेसन धावत येऊन गाडी वळवतो, दुकानं आणि खांब पुन्हा आपापल्या क्रमाने डोळ्यांसमोरून सरकू लागतात आणि बेंजी शांत होतो. या जागेवर उभं राहिलं की ते पान पुन्हा वाचावंसं वाटतंच.

पण तेवढ्यावर थांबू नका. जी व्यवस्था टिकवायला दक्षिण लढली तिचं नाव गुलामगिरी. १९०८ मध्ये, म्हणजे हा सैनिक उभा राहून एकच वर्ष झालं असताना, जमावाने तुरुंग फोडून नेल्स पॅटन या काळ्या माणसाला मारलं आणि त्याचं प्रेत या चौकात टांगलं. फॉकनर तेव्हा दहा वर्षांचा होता आणि याच गावात राहत होता. १९३५ मध्ये एलवुड हिगिनबोथम यांचाही जमावाने बळी घेतला. त्यांच्या नावाचा फलक गावात लागायला २०१८ साल यावं लागलं. २०२० मध्ये विद्यापीठाने आवारातला असाच एक सैनिक दर्शनी जागेवरून हलवला. चौकातला हलवायचा नाही असं काउंटीच्या मंडळाने ठरवलं. तो हलवायला हवा होता असं माझं मत आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे सांगा. नुसता फोटो काढून निघू नका.

जुना चौक इतका चांगला टिकला कसा?

आपोआप टिकला नाही. १९४७ मध्ये कोर्टहाउस पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. ते वाचवणाऱ्यांच्या बाजूने 'ऑक्सफर्ड ईगल' या स्थानिक वृत्तपत्रात पत्र लिहिणाऱ्यांत फॉकनर होता.

पुस्तकांचं दुकान कुठलं?

'स्क्वेअर बुक्स'. रिचर्ड होवर्थ यांनी १९७९ मध्ये सुरू केलं. हेच होवर्थ पुढे दोन वेळा गावचे महापौर झाले. आजची जागा म्हणजे चौकातलं जुनं औषधांचं दुकान. वरच्या मजल्यावर सज्जा आहे, तिथून कोर्टहाउस समोर दिसतं. फॉकनरची पुस्तकं वरच आहेत. चौकात त्यांचीच आणखी दुकानं आहेत, त्यांतलं एक खास मुलांसाठी.

औषधांच्या दुकानावरून आठवलं. गॅथराइट-रीड या केमिस्टच्या दुकानातले मॅक रीड हे फॉकनरचे मित्र. गावात त्याची पुस्तकं कुणी विचारत नव्हतं तेव्हा ते गोळ्या-औषधांच्या शेजारी ती विकायला ठेवत, आणि त्याची हस्तलिखितं प्रकाशकाकडे धाडण्यासाठी नीट बांधून देत. लेखकाला असा एक माणूस गावात लागतो. मॅक रीडचा पुतळा कुठे नाही.

घर बघायला मिळतं का?

हो. हप्त्यांवर घेतलेलं तेच घर, 'रोवन ओक'. १८४० च्या दशकातलं, उंच देवदारांच्या रांगेआड. त्याच्या कन्येने १९७२ मध्ये ते विद्यापीठाला विकलं. लिहिण्याच्या खोलीत 'अ फेबल' कादंबरीचा आराखडा त्याने दिवसावार भिंतीवरच लिहून ठेवला आहे. काचेतला कागद पाहणं वेगळं आणि भिंतीवर चढलेलं ते अक्षर पाहणं वेगळं. विद्यापीठाच्या संग्रहालयापासून बेली वुड्समधली पायवाट थेट तिथे जाते, पंधरा-वीस मिनिटांची. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून ठेवा.

आणि समाधी?

सेंट पीटर्स स्मशानभूमीत, चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारी पत्नी एस्टेल. लोक तिथे व्हिस्कीच्या बाटल्या ठेवून जातात. ज्या दारूने त्या माणसाचं शरीर पोखरलं तीच त्याच्या उशाशी ठेवणं मला बरं वाटत नाही. फूल ठेवा.

याच स्मशानभूमीत कॅरोलाइन बार यांचीही समाधी शोधा. काळ्यांसाठी वेगळ्या राखलेल्या भागात आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंनी फॉकनरला लहानाचा मोठा केला. 'मॅमी कॅली' म्हणत त्यांना. १९४० मध्ये त्या गेल्या तेव्हा त्याने आपल्या दिवाणखान्यात त्यांचा अंत्यविधी केला आणि स्वतः बोलला. 'गो डाउन, मोझेस' हे पुस्तक त्यांना अर्पण केलेलं आहे. एकाच घरातल्या दोघांच्या समाध्या एकाच जागेत दूर-दूर का आहेत, हे मुलं विचारतील.

जाण्याआधी काय वाचावं?

'अ रोझ फॉर एमिली' ही कथा, एका बैठकीत होते. मग 'बार्न बर्निंग', तिची सुरुवातच एका दुकानात होते. वेळ असेल तर 'अ‍ॅज आय ले डाइंग'. 'द साउंड अँड द फ्युरी'ने सुरुवात करू नका, पहिल्या भागात बेंजीचं मन कुठल्या वर्षात आहे ते कळेनासं होतं आणि लोक पुस्तक मिटतात. ती परत आल्यावर वाचा. चौक डोळ्यांसमोर असला की ती कितीतरी सोपी होते.

कधी जावं?

वसंतात किंवा शरदात. शरदातल्या शनिवारी मात्र विद्यापीठाचा फुटबॉल सामना घरच्या मैदानावर नाही ना, ते आधी पाहा. असेल तर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि हॉटेलांचे दर अवाच्या सवा होतात. जुलैत दरवर्षी फॉकनरवरचं परिसंवाद-सत्र भरतं, १९७४ पासून. उकाडा असतो, पण खरी वाचणारी माणसं तेव्हाच भेटतात.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स, तळलेली भेंडी, मक्याचा ब्रेड, चवळीच्या जातीच्या उसळी. पालेभाजी आणि उसळ मागवताना मात्र विचारा. दक्षिणेत त्या बऱ्याचदा डुकराचं मांस घालून शिजवतात आणि तसं मेन्यूवर लिहिलेलं नसतं.

एकच तास हातात असेल तर?

घर आणि समाधी पुढच्या खेपेला ठेवा. आधी नीलसन्समध्ये जा, पत्राबद्दल विचारा. मग मिनिटभर चालून सिटी हॉलच्या बाकावर बसा, फोन खिशात ठेवून. तिथून कोर्टहाउसला वळसा घालून स्क्वेअर बुक्सकडे निघा. चौकातल्या गाड्या कोर्टहाउस डाव्या हाताला ठेवून फिरतात. तुम्हीही तसेच चाला आणि दगडी सैनिक आला की त्याच्या उजवीकडून जा.